दसऱ्याची यादी

रेघ पडली तेव्हा शलाकाच्या हातात चहाचा कागदी कप होता, आणि तो तिने खाली ठेवला नाही, याचं तिला पुढे बरेच दिवस नवल वाटत राहिलं. पडद्यावरची कॉपीच्या वेगाची हिरवी रेघ तोवर चांगल्या घरच्या बाईसारखी सरळ चालली होती. सेकंदाला साडेचारशे एमबी, साडेचारशे, साडेचारशे. ऐंशी जीबी भरले आणि जिन्यावरून पाय निसटावा तशी ती जी खाली आली ती पासष्टवर येऊन बसली. बसली ती उठेचना. काउंटरच्या पलीकडे सुयोग उभा होता. कुळगावचा सुयोग, हळदी-लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा, एरवी दुकानात शिरायच्या आधी ज्याचा आवाज शिरतो तो. आज तो पाहुण्यासारखा उभा होता. "सॉरी हां ताई, परत आलो," तो म्हणाला. "माझंच कायतरी चुकत असणार. तुमच्या यादीतली आहे म्हणजे एसएसडीला तर काय झालेलं नसणार." शलाकाने एसएसडी रिकामी केली. दुसऱ्यांदा रेघ काढायला लावली. ऐंशीला पडली. तिसऱ्यांदा काढली. रेघेला लाज वगैरे नव्हती, ती ऐंशीलाच पडली.

यादी म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये लधारामशेठच्या दुकानात झुलेलालच्या तसबिरीशेजारी टांगलेला एक कागद. वर ठळक अक्षरात 'शलाकाने स्वतः तपासलेले', खाली नावं. दुकान लधारामचं, पण कॉम्प्युटर उघडणारे हात गेली एकवीस वर्षं शलाकाचे. बाजारात नवीन काही आलं की ती त्यातला एकच नग मागवायची आणि सात दिवस त्याला छळायची. काठोकाठ भरायची, रिकामा करायची, चालू असताना वीज काढून घ्यायची, मे महिन्यातल्या पत्र्याखाली ठेवायची. त्यातून जो उठून उभा राहील त्याचं नाव यादीत. आणि यादी बदलायची ती फक्त दसऱ्याला. त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर, सोल्डर गन आणि तपासणीचं मशीन यांना हळदकुंकू लागायचं, झेंडू वाहायचा, पास झालेल्या प्रत्येक नगाला कुंकवाचं एक बोट लागून तो नमुना म्हणून खणात जायचा, आणि नवी यादी छापून, लॅमिनेट करून भिंतीवर चढायची. लॅमिनेट करायचं कारण पहिल्या वर्षी लोकांनी यादीवर फोन नंबर लिहिले होते. नंतर मात्र त्या चकचकीत प्लास्टिकला आपोआप एक वजन आलं. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत लोक किंमत विचारायच्या आधी "यादीत आहे का?" असं विचारायला लागले. शेजारच्या गल्लीतले दुकानदार गुपचूप फोटो काढून न्यायचे. शलाकाला याचा गर्व होता असं नाही. यादीखालून जाताना तिची मान जराशी ताठ व्हायची एवढंच, आणि मणक्याच्या डॉक्टरांनी त्या मानेला दुसरंच काही नाव दिलं तेव्हा तिला ते अजिबात पटलं नव्हतं.

यंदाच्या यादीत सातव्या नंबरावर ही एसएसडी होती. जुन्या गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी आलेली, न फिरणारी, न कुरकुरणारी, विड्याच्या पानाएवढी. सात दिवसांत तिने एकदाही मान टाकली नव्हती. सासरच्या माणसांत नसलेले बरेच गुण तिच्यात आहेत असं तेव्हा शलाका म्हणाली होती आणि लधारामशेठ दिवसभर ते वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवत हसला होता. सुयोग एप्रिलमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा शलाका एका लॅपटॉपच्या पोटात डोकं घालून बसली होती. "ताई, ती सात नंबरवाली मधेच स्लो पडते," तो म्हणाला, आणि लॅपटॉपच्या आतूनच शलाका म्हणाली, "केबल बदल." दोन शब्द. मान वर न करता. आता त्या दोन शब्दांचा आवाज तिला स्वतःच्याच कानात ऐकू येत होता, आणि तो आवाज इतका खात्रीचा होता की आत्ताही तिला क्षणभर वाटलं, खरंच केबलच असेल. सुयोगने केबल बदलली होती. मग लॅपटॉपखाली पंखा घेतला. मग लॅपटॉपच बदलला. यादीवर संशय घ्यायच्या आधी त्याने भोवतालचं सगळं जग बदलून पाहिलं होतं.

"मोरिवलीची हळद होती," सुयोग आता सांगत होता, रेघेकडे बघत. "सकाळच्या लग्नाला कॅमेऱ्याची कार्डं रिकामी पाहिजेत ना, म्हणून बसल्या बसल्या कॉपी लावलेली. आधी दाखवलं अकरा मिनटं. मग दाखवलं एक तास. मला वाटलं केबल हलली. काढली, लावली, परत चालू केली. तीन कार्डं, तीनदा काढली, लावली. त्या गडबडीत कुठलं झालं आणि कुठलं नाय झालं... एक न झालेलं कार्ड मी झालं म्हणून पुसलं, ताई." त्या कार्डावर बनूबाई होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाणारी, ज्या बायकांना अख्खं लग्न तोंडपाठ असतं त्यांतली पंचक्रोशीत उरलेली बहुधा शेवटची. तिचा पाऊण तासाचा धवला पुसला गेला होता. "नवरीच्या बापाने पाया पडून सांगितलं तिला, परत एकदा म्हण म्हणून. ती म्हणाली, मांडव नाय, हलद नाय, धवला कोनाला म्हनू? भिंतीला?" सुयोगने नाक ओढलं. "तुम्ही एकदा बघून सांगा ना ताई, माझं नक्की काय चुकलं."

तो गेल्यावर तिने त्याची एसएसडी उघडली. खणातून नमुना काढला, त्याच्यावरचा कुंकवाचा ठिपका वाळून तपकिरी झाला होता, आणि तोही उघडला. दोघी शेजारी ठेवल्या. खोकं तेच, नाव तेच, नंबर तोच, हिरे-माणकांच्या पेढीत शोभेल असा होलोग्राम तोच. आत मात्र जुनीला चार काळ्या चिप होत्या आणि नवीला दोन. जुनीत सगळ्यांवर नजर ठेवणारी एक छोटी चिप होती. नवीत त्या जागी नुसते तिच्या पायांचे चंदेरी ठसे होते, भाडेकरू गेल्यावर भिंतीवर खिळ्यांच्या खुणा उरतात तसे. शलाकाने भिंगातून नंबर वाचले आणि तिला समजलं. पूर्वी चिपमधल्या एकेका खोलीत माहितीची तीन माणसं झोपत होती, आता त्याच खोलीत चार कोंबली होती. पाहुणे कमी असतील तोवर बाहेरच्या पडवीत भागतं, गर्दी झाली की आत शिरायला कूस बदलावी लागते, आणि रेघ पडते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. दसऱ्यानंतर केव्हातरी, कोणाला न सांगता, दुसऱ्याच मापाची वस्तू त्याच नावाने विकायला काढली होती. आणि भिंतीवर प्लास्टिकच्या आत शलाकाचं नाव दसऱ्याच्या दिवशी होतं तसंच चकचकीत होतं. तिने काळा मार्कर घेतला आणि सातव्या नंबरावर आडवी रेघ मारली. लॅमिनेशनवर मार्कर धरला नाही. अंगठा लागला तसा तो पुसून निघाला आणि सातवा नंबर पुन्हा हसऱ्या तोंडाने वर आला.

तिला तिचा बाप आठवला. म्हणजे तो तिला रोजच आठवायचा, पण आज जरा उपयोगासाठी आठवला. हिरामण, मोरिवलीचा. गावाची शेतं कारखान्यांखाली गेली तेव्हा ज्याला त्या बदल्यात त्याच शेतावरच्या रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळाली तो. भात पिकवणारा माणूस निळा रंग पिकवायला लागला, आणि बघता बघता त्यात तरबेज झाला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाची चिमूट घासायची, खिडकीपाशी जायचं, डोळा बारीक करायचा, आणि डब्यावर सही ठोकायची. त्या सहीशिवाय डबा गेटबाहेर जात नव्हता. मग एकदा वरून कोणीतरी रंगात स्वस्तातली पांढरी भुकटी मिसळायचं ठरवलं. हिरामणने पुठ्ठा खिडकीपाशी नेला आणि म्हणाला, "डबा त्योच हाय, निला त्यो नाय. मी सही नाय मारनार." साहेब म्हणाले चालतं. हिरामण म्हणाला, तुमच्याकडं चालत असंल. त्याची गोदामात बदली झाली, आणि पुढची बावीस वर्षं तो गोदामात गोण्या मोजत राजासारखा वावरला. ही गोष्ट शलाकाने इतक्यांदा ऐकली होती की लहानपणी तिला वाटायचं, गोदामात बदली होणं ही काहीतरी मोठी पदवी असते. मानेचं दुखणं बापाकडूनच आलं असावं.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस अतिशय गोड होता. तिने चिपांचे नंबर वाचून दाखवले, रेघेचं सगळं सांगितलं. "मॅडम, खोक्यावर आपण वेग लिहिलाय सेकंदाला पाचशे पर्यंत," तो म्हणाला. "हो." "पर्यंत, मॅडम." "पण हा पासष्ट आहे." "पासष्ट हे पाचशेपर्यंतच येतात ना मॅडम." शलाकाने विचार करून पाहिला आणि तिला कबूल करावं लागलं की येतात. शिवाय खोक्याच्या बुडाशी, मुंगीने वाचावं अशा अक्षरात, उत्पादनात सुधारणेसाठी पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो असंही लिहिलेलं होतं. "म्हणजे ही सुधारणा आहे?" "सततची प्रक्रिया आहे, मॅडम. अजून काही मदत करू शकतो?" लधारामशेठ हे सगळं स्पीकरवर ऐकत होता. फोन बंद झाला तसा त्याने मांडीवर थाप मारली. "अरे साईं! पन्नास सालापासून दुनिया उल्हासनगरला डुप्लिकेट डुप्लिकेट बोलते. पण आपला माणूस तोंडावर सांगतो ना, भाई ये फर्स्ट कॉपी है, ये सेकंड कॉपी है, धुतली तर रंग जाएगा. आणि हे? स्वतःच्याच मालाचा डुप्लिकेट स्वतःच बनवतात, वर ओरिजिनल होलोग्राम! ताई, आपण तर यांच्यापुढे साधू-संत." शलाका हसली, आणि गावाबद्दल तिला एक विचित्र अभिमान वाटला. खरंच, या गल्लीत कोणी कधी नकली वस्तू असली म्हणून विकल्याचं तिने पाहिलं नव्हतं. इथे नकली वस्तूही नकली म्हणून प्रामाणिकपणे विकली जात होती. "तर मग तू कशाला टेन्शन घेते?" लधाराम म्हणाला. "बदललं त्यांनी. तुझी तपासणी बरोबर होती. यादी बरोबर होती. तू क्लिअर."

ती क्लिअर होती. हे खरं होतं आणि सोयीचंही होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की शलाका दोन्ही पुन्हा तपासून पाहायची. दसऱ्यापासून सात नंबरची एसएसडी नेलेली एक्केचाळीस माणसं होती, गॅरंटीच्या चिठ्ठ्यांवर सगळ्यांचे नंबर होते. तिने फोन करायला घेतले. "कंपनीने आतलं सामान बदललंय, वस्तू आता तीच राहिलेली नाही, घेऊन या, बदलून देते." पहिला फोन बदलापूरच्या पॅथॉलॉजीवाल्या जिज्ञासाला. ती म्हणाली, "ताई, आमची तर मस्त चाललीये." "मस्त नाही चालली, तुम्हाला कळत नाहीये." "पण तुम्हीच बोललात ना चांगली आहे म्हणून?" "तेव्हा चांगली होती." "मग झालं तर. कोणी काय बोललं तर तुम्ही एवढं मनाला नका लावून घेऊ." शलाकाच्या लक्षात आलं की ही बाई आपलं सांत्वन करते आहे. आनंदनगरच्या एका कारखान्यातला भूपेश म्हणाला, "मॅडम, यादीत आहे अजून?" "आहे, पण..." "मग ठीक आहे की." एक जण म्हणाला, कोणीतरी ताईंच्या नावाने खोटे फोन करतंय, आणि हा फोन खोटा नसून आपण स्वतःच आहोत हे तिला आवाज चढवून पटवावं लागलं. अकरा फोन झाले. अकरा जणांनी शलाकाच्या शब्दावर विश्वास ठेवून शलाकाचं ऐकायला नकार दिला. कोणाची रेघ पडली नव्हती असं नाही. सगळ्यांची पडली असणार. पण एकाने संगणक बदलला होता, एकाने विजेच्या बोर्डाला शिव्या दिल्या होत्या, एकाने घरातल्या वायरिंगची शांत केली होती. ती खुर्चीत मागे टेकून बसली. इतकी वर्षं बारीक डोळा करून ती जो फरक बघत आली तो फरक कोणालाच दिसत नव्हता. त्यांना फक्त ती दिसत होती. एरवी तिला हे ऐकून आभाळ ठेंगणं झालं असतं. आज असं वाटलं की आपणही खोक्यावरच्या नावासारख्या आहोत, आत काय आहे ते कोणी उघडून पाहत नाही.

आणि मग, मागवलेलं नसताना, गोदूबाईचं बोलणं आठवलं. आई. बाप गेल्याच्या तेराव्याला, माणसं जेवून गेल्यावर, भांडी पालथी घालता घालता शलाकाने तीच निळ्या रंगाची गोष्ट कोणाला तरी सांगायला घेतली होती, आणि आई मान वर न करता म्हणाली होती, "सही नाय मारली त्याचं अख्ख्या गावाला सांगला. आदीचं तीन म्हयनं तोच निला त्याच्याच सहीनं जात व्हता, ता नाय सांगला. डोला उशिरा उघरला त्याचा." तेव्हा शलाका आईवर चिडली होती. मेलेल्या माणसाची एवढी एक गोष्ट, तीही सोडवत नाही हिला. आता तिला ते तीन महिने दिसले. रांगेने गेटबाहेर पडणारे डबे, प्रत्येकावर हिरामणची झोकदार सही. बापाने गोष्टीतून ते तीन महिने काढून टाकले होते आणि गोष्ट त्याच नावाने पुढे बावीस वर्षं चालवली होती. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. आपण त्याच्या जागीच होतो. एप्रिलमध्ये लॅपटॉपच्या पोटातून बोललेले दोन शब्द तिने कंपनीच्या माणसाला सांगितले नव्हते, लधारामला सांगितले नव्हते, अकरांपैकी एकालाही सांगितले नव्हते. बदल कंपनीने केला होता. केबल मात्र तिची होती.

संध्याकाळी ती बदलापूरला उतरली आणि घरी न जाता कुळगावात सुयोगच्या स्टुडिओवर गेली. स्टुडिओ म्हणजे पायऱ्यांखालची खोली, भिंतीवर नवरा-नवरींचे मोठे फोटो, सगळे एकाच सूर्यास्तासमोर. तो गडबडून उठला, खुर्ची पुसली. "ताई तुम्ही? फोन करायचा ना." शलाका बसली नाही. बसून हे जमणार नाही असं तिला वाटलं. "तुझी केबल चांगली होती," ती म्हणाली.

"कुठली?"

"पहिली. दुसरी पण. लॅपटॉप पण चांगला होता. कंपनीने आतला माल बदललाय. आणि तू एप्रिलमध्ये आलास तेव्हा ते मला दहा मिनिटांत कळलं असतं. मी बघितलं नाही. माझं चुकलं."

सुयोग घाबरला. खरोखर घाबरला, देवळात पुजाऱ्यानेच चपला आत आणल्यावर बघावं तसा बघत राहिला. "नाय ताई, तसं नाय. कार्ड तर मीच पुसलं ना."

"कार्ड तू पुसलंस, ते तुझं. तू कार्ड पुसेपर्यंत जे झालं ते माझं. उद्या मोरिवलीला जायचं, नवरीच्या बापाकडे. तू तुझं सांग, मी माझं सांगते. धवला परत येणार नाही, पण तो माणूस आज तुला एकट्याला शिव्या देतोय, ते हिशेबाला धरून नाही."

"ते लय तापट आहेत, ताई."

"मी पण आहे."

सुयोग बराच वेळ नव्या केबलचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग अगदी हळू, एखाद्या घरच्या माणसाचं दुखणं विचारावं तसं त्याने विचारलं, "मग आता आम्ही विचारायचं कोणाला?"

शलाकाने त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिची मान नीट ताठ झाली आणि दुखली नाही. "मलाच," ती म्हणाली. "दुसरं आहे कोण? पण वस्तू घेऊन यायचं. दर वेळी. आणि मी मान वर केली नाही तर काउंटरवर हात आपटायचा."

मोरिवलीला जे झालं ते तासभर झालं आणि त्यातलं बरंचसं छापता येण्यासारखं नाही. पण शेवटी चहा आला. दुकानात परतल्यावर शलाकाने आधीचे अकरा नंबर पुन्हा लावले, आणि या वेळी वाक्याची सुरुवात कंपनीपासून न करता स्वतःपासून केली. "शलाका बोलतेय. सात नंबरबद्दल माझं चुकलं. मी एकच नग तपासला आणि दसऱ्यापासून त्याच्याच नावावर सांगत राहिले. वस्तू घेऊन या." गंमत म्हणजे आता कोणी वाद घातला नाही. जिज्ञासाने विचारलं, "खरंच का?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "आमची पण पडते हो मधेच. मी बोलले नाही." भूपेश अर्ध्या तासात हजर झाला. पहिल्या फोनला 'चुकलं' हा शब्द दोनदा म्हणावा लागला होता, तिसऱ्याला तो सरळ आला, आठव्यापासून त्याला एक लय आली; लधारामशेठ गिऱ्हाईक सोडून ऐकायला लागला आणि काउंटरवर उभं असलेलं एक अनोळखी जोडपंही आपलं काम विसरून ऐकत राहिलं. एकोणिसाव्या फोनवर अंबरनाथचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, इतक्या स्वच्छपणे आपली चूक सांगणारं माणूस हल्ली बघायला मिळत नाही."

"मिळणारच नाही," शलाका म्हणाली, आणि मान जराशी ताठ करून तिने विसावा नंबर लावला.